समन्वयकाच्या हातात माइक नको

शिरोळ तालुक्यातल्या एका शिक्षकांचा हा प्रश्न आहे. त्यांच्या भागात ११ परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले आहेत, त्यातले ८ जण गेल्या दोन वर्षांत परीक्षा पास झालेले. पुराच्या वेळी संपर्काचं काम करायचं म्हणून सगळ्यांनी मिळून गट केला आणि सरांना समन्वयक नेमलं. ते विचारतात, पुरात गटाने नेमकं करायचं काय? पगार नाही, सक्ती नाही, तर माणसं टिकवायची कशी? आणि तहसील कार्यालयात दोनदा जाऊन आलो तरी ‘गरज लागली तर कळवू’ यापलीकडे उत्तर का मिळत नाही?

सर, मी तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तुम्ही लिहिलंय की पहिल्या वेळी रिग (टेबलावरचा रेडिओ सेट) आणि दोन हँडी (हातात धरायचे सेट) दाखवायला नेल्या, दुसऱ्या वेळी गटाच्या कामाची फाइल दिली. मीही सुरुवातीची काही वर्षं हेच केलं. समोरच्या अधिकाऱ्याने कौतुक केलं, चहा पाजला आणि आम्ही उठल्यावर दुसरी फाइल उघडली. त्यात त्यांची चूक नव्हती. पाणी चढत असताना तहसीलदारांना आपला सेट किती वॅटचा आहे हे नको असतं. रात्री दोन वाजता कोणत्या एका नंबरवर फोन करायचा, किती वेळात माणूस येईल, तो कुठे बसेल, त्याला काय लागेल आणि त्याच्याकडून निरोप कोणत्या कोणत्या गावांत पोचेल, एवढंच त्यांना हवं असतं. हे सगळं एका पानात बसतं. मी आता फक्त ते पान नेतो. वर दोन नावं आणि दोन फोन नंबर, एक माझा आणि एक माझ्या जोडीदाराचा. खाली : एक टेबल, दोन खुर्च्या, अँटेनाची वायर बाहेर काढता येईल अशी खिडकी. दुसऱ्या खुर्चीबद्दल पुढे बोलतो.

हे पान तहसीलदारांना द्याच, पण त्याची एक प्रत आपत्तीचं टेबल सांभाळणाऱ्या अव्वल कारकुनांना द्या. साहेबांची बदली होते. तालुक्यातली कुठली शाळा उंचावर आहे आणि कुठल्या ग्रामसेवकाचा फोन लागतो हे ज्यांना तोंडपाठ असतं ते कारकून बहुधा तिथेच असतात. जायचं ते मे महिन्यात, मान्सूनपूर्व आढावा बैठकीच्या आधी. जुलैत पाणी पात्राबाहेर आल्यावर ओळख करून घ्यायला वेळ कुणाकडेच नसतो. त्यांच्या भाषेत बोला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्या रचनेत लॉजिस्टिक विभागाखाली संपर्क युनिट असं एक घर आहे. ‘आम्ही हॅम आहोत’ म्हणण्यापेक्षा ‘तुमच्या संपर्क युनिटला राखीव म्हणून आम्ही अकरा जण आहोत’ म्हटलं की त्यांना तुम्हाला कागदावर कुठे बसवायचं ते कळतं.

यात कायद्याचाही मुद्दा आहे आणि नव्या हॅमना तो पुरेसा माहीत नसतो. आपल्या परवान्यावर तिसऱ्याच माणसाचे निरोप पाठवायला एरवी मुभा नाही. नैसर्गिक आपत्तीत, नेहमीची दळणवळण साधनं बंद पडल्यावर सवलत मिळते ती सक्षम नागरी अधिकाऱ्याच्या निरोपांसाठी, उदाहरणार्थ जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी. त्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र पावसाळ्याआधी तुमच्या हातात हवं आणि कोणत्या अधिकाऱ्यांच्या सहीने निरोप स्वीकारायचे ती नावं किंवा पदं त्यात हवीत. हे पत्र मिळवणं हे समन्वयकाचं पहिलं काम. रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारा सेट), अँटेना, टी-शर्ट सगळं त्याच्यानंतर.

आपल्या देशात हॅमच्या आपत्कालीन सेवेचं नाव निघालं की पोर्ट ब्लेअरची आठवण निघते आणि ती सांगताना तिचा अर्धा भाग नेहमी गळतो. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओची मोहीम भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली अंदमानात गेली होती. तिथून प्रक्षेपण करायला हॅमना अनेक वर्षांनी परवानगी मिळाली होती, त्यामुळे व्हीयू४आरबीआय हा कॉलसाइन, म्हणजे त्या केंद्राचं हवेवरचं नाव, ऐकायला जगभरचे हॅम टपून बसले होते. २६ डिसेंबरला सकाळी साडेसहाच्या सुमारास भूकंप झाला, मग लाटा आल्या. मोहीम तिथेच थांबली आणि त्याच केंद्रावरून मुख्य भूमीशी आपत्कालीन संपर्क सुरू झाला. पुढे कार निकोबारमध्येही हॅम केंद्र उभं राहिलं. बेटांवरच्या माणसांची खुशाली देशभरातल्या घरांपर्यंत त्या वाटेने पोचली.

गळणारा भाग असा की त्या सकाळी तिथे कुणाला नव्याने काही जमवावं लागलं नाही. अँटेना उभ्या होत्या आणि सेट तीनेक आठवडे चालू होते. दिवसाला शेकडो संपर्क घेऊन ऑपरेटरांचे कान तयार झाले होते. परवानगीच्या निमित्ताने प्रशासनाला ही माणसं कोण हे ठाऊक होतं. धैर्य होतंच, त्याबद्दल मला अतिशय आदर आहे. पण धैर्याच्या जोडीला चालू असलेलं केंद्र होतं, म्हणून ते धैर्य उपयोगी पडलं. तुमच्या गटाला मोहिमेचं नशीब मिळणार नाही. त्याच्या जागी तुम्हाला दर आठवड्याचं नेट ठेवावं लागेल, म्हणजे ठरलेल्या वेळी सगळ्यांनी एकाच वारंवारतेवर भेटायचं.

आता पुरात काय करायचं ते. थोडक्यात सांगायचं तर एका जागचा लिहिलेला निरोप दुसऱ्या जागी जसाच्या तसा पोचवायचा. बाकी काही नाही. ऐकायला सोपं वाटतं, म्हणून एक निरोप डोळ्यांसमोर ठेवू. सरावासाठी आम्ही हा वापरतो :

‘क्रमांक १४. तातडीचा. वेळ ०६४०. शिरटी शाळा निवारा ते तहसीलदार शिरोळ. शब्द बारा. डायलिसिसचा रुग्ण एक. आज दुपारी डायलिसिस ठरलेलं. सकाळी अकराच्या आत बोट हवी. सही, तलाठी.’

पहिली अडचण गावाच्या नावातच आहे. तुमच्या तालुक्यात शिरोळ, शिरटी आणि शिरढोण आहेत. खरखर असली की सुरुवातीचं ‘शिर’ तेवढं कानावर येतं आणि ऐकणारा पुढचं स्वतःच्या मनाने पुरं करतो. नवे लोक म्हणतात, स्पेलिंग करू. करा, पण इंग्रजी स्पेलिंगमध्येही शिरोळ आणि शिरटीची पहिली चार अक्षरं तीच आहेत : सिएरा, हॉटेल, इंडिया, रोमिओ. फरक पाचव्या अक्षरापासून सुरू होतो आणि तोवर ऐकणाऱ्याने लिहून टाकलेलं असतं. आम्ही त्यावर असा उपाय काढला की पूर येणाऱ्या प्रत्येक गावाला दोन आकडी क्रमांक द्यायचा, तो नकाशावर लिहायचा आणि तोच नकाशा प्रत्येक ऑपरेटरकडे आणि नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर लावायचा. निरोपात नाव आणि क्रमांक दोन्ही म्हणायचे. जुळले नाहीत तर तिथेच थांबवायचं. ही गुप्त भाषा नव्हे, कारण यादी प्रशासनाकडे उघड असते. सांकेतिक भाषा हॅम बँडवर चालतच नाही.

दुसरी अडचण मराठी आकड्यांची. सात आणि साठ. एसएसबीवर, म्हणजे लांबच्या संपर्काला आपण वापरतो त्या पद्धतीत, आवाजातला तीन हजार हर्ट्झच्या वरचा भाग जवळजवळ कापलाच जातो, आणि त आणि ठ मधला फरक बराचसा तिथेच असतो. ‘साठ माणसं’ म्हटलेलं ‘सात माणसं’ ऐकू येतं. ‘आठ’ही त्यांच्यात मिसळतो. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी हे तर चांगल्या सिग्नललाही दगा देतात. म्हणून प्रत्येक आकडा सुटा म्हणायचा : ‘सहा, शून्य. साठ.’ आधी सुटे आकडे, मग पूर्ण संख्या. ऐकणाऱ्यानेही परत तसंच म्हणून दाखवायचं. घरात, दुकानात, कुठेच आपण असं बोलत नाही, त्यामुळे ही सवय लागायला सहा महिने लागतात. ती पुराच्या दिवशी लागत नाही.

‘शब्द बारा’ हे अमेरिकी रेडिओग्रामच्या फॉर्ममधून घेतलेलं आहे. मजकुरातले शब्द मोजून आकडा आधी सांगायचा. घेणाऱ्याने लिहून झाल्यावर मोजायचे. अकरा भरले तर एक गळला. फार साधी युक्ती आहे आणि मला तिच्याइतकी उपयोगी दुसरी सापडलेली नाही. रुग्णाचं नाव निरोपात नाही हेही पाहा. आपले बँड उघडे आहेत, कुणीही ऐकू शकतं. कुणाचं नाव आणि त्याचा आजार एकत्र, आणि विशेषतः मृत्यूची बातमी हवेवर जाता कामा नये. एखाद्या घराला आपला माणूस गेल्याचं रेडिओ ऐकायच्या स्कॅनरवरून कळावं, यासारखी वाईट गोष्ट आपल्या हातून घडू नये.

मजकूर सुधारूही नका. तलाठ्यांनी चुकीचं लिहिलंय असं वाटलं तर त्यांना विचारा, त्यांनी बदललं तर बदला. आपण निरोप्ये आहोत. शहाणा निरोप्या मनाने भर घालत नाही.

आता आकड्यांचीच एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला जड जातं, तरी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. काही वर्षांपूर्वीच्या एका पुरात एका तालुक्याच्या ठिकाणी मी नियंत्रण कक्षात नेट कंट्रोल चालवत होतो, म्हणजे नेटवर कुणी कधी बोलायचं ते ठरवत आणि निरोप घेत होतो. गटाचा प्रमुखही मीच. संध्याकाळी सहाला बसलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत उठलो नाही, म्हणजे सलग चौदा तास. पहाटे पाचनंतर कधीतरी एका शाळेतल्या निवाऱ्याकडून जेवणाचा निरोप आला. त्या ऑपरेटरने ‘साठ’ म्हटलं, मी ‘७’ लिहिलं, आणि परत म्हणून दाखवताना ‘सात’ म्हणालो. त्यालाही ते ‘साठ’च ऐकू आलं. बोट सात पाकिटं घेऊन गेली. परत येऊन पुन्हा जाईपर्यंत दुपार झाली. लहान मुलं, म्हातारी माणसं, साठ जण तोवर उपाशी होते.

माझ्या मागच्या बाकावर एक मुलगी झोपली होती. बावीस वर्षांची, वर्षभरापूर्वी परवाना मिळालेली, ताजी, ताज्या कानांची. रात्री एकदा उठून ‘काका, मी बसू का थोडा वेळ?’ असं तिने विचारलंही होतं. मी म्हणालो, झोप तू, मी आहे. त्या वेळी मला हे वडीलधाऱ्याचं बोलणं वाटलं होतं. खरं तर तिला जमेल की नाही याची मला खात्री नव्हती, आणि खात्री नव्हती कारण मी तिला आधी कधी बसूच दिलं नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या गटात दोन नियम आहेत. नेट कंट्रोल दोन तासांच्या वर कुणी करायचा नाही, कितीही अनुभवी असो. आणि समन्वयकाने काम चालू असताना माइक धरायचा नाही. मघाशी म्हटलेली दुसरी खुर्ची यासाठीच. एकावर बोलणारा, दुसऱ्यावर लिहिणारा, आणि दोन तासांनी लिहिणारा बोलायला बसतो. तोवरच्या सगळ्या निरोपांचा धागा त्याच्या हातात असतो. समन्वयक उभा. तो कोण जेवलं, कोण किती तास जागा आहे, कुणाची बॅटरी उतरतेय, पुढच्या पाळीचा माणूस घरातून निघाला का, कारकुनांना कुठला निरोप अजून दिला नाही, हे बघत फिरतो. बोलण्यात अडकलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. अनुभवी हॅमला हा नियम फार कठीण जातो. पंचवीस वर्षं ज्याच्या जिवावर आपण आपल्याला ओळखलं तेच हातातून ठेवायचं असतं. पण गट चालवायचा असेल तर ठेवावंच लागतं.

अमेरिकेत ही विभागणी फार जुनी आहे. अमेरिकन रेडिओ रिले लीगने १९३५ साली आपत्कालीन दल सुरू केलं. तिथे विभागाचा व्यवस्थापक सभासदांच्या मतांनी निवडला जातो आणि खालचे आपत्कालीन समन्वयक नेमले जातात. निवडून आलेला आणि नेमलेला असा भेद त्यांनी ठेवला, आणि मला तो पटतो, कारण लोकप्रिय माणूस आणि रात्री तीनला पाळ्या लावू शकणारा माणूस एकच असेल असं नाही. २०१७ मध्ये मारिया वादळाने पोर्तो रिकोचं वीज आणि फोनचं जाळं कोलमडलं तेव्हा अमेरिकन रेडक्रॉसने या लीगकडे पन्नास हॅम मागितले. त्या मागणीतच वाचलेल्या माणसांची माहिती नोंदवून खुशालीच्या नोंदवहीत भरणं हे काम होतं. म्हणजे हजारो किलोमीटर अंतर कापून जाणाऱ्या तरबेज ऑपरेटरांना याद्या भरायचं काम सांगितलं होतं, आणि ती यादीच बाहेरच्या नातेवाइकांना हवी होती. हे तुमच्या लोकांना आधी सांगा. ज्याला फक्त सेटवर बोलायचंय तो पहिल्या दिवशी संध्याकाळीच कंटाळतो.

माणसं टिकवण्याबद्दल मला जे कळलंय ते असं. पगार नसलेल्या माणसाला आदेश देता येत नाही, हे अर्धंच खरं आहे. ज्या कामाला तो स्वतः ‘हो’ म्हणाला त्या कामात तो आदेश पाळतो, उलट काटेकोर पाळतो. म्हणून आधी विचारा, आणि नेमकं विचारा. ‘पुरात येशील ना?’ याला सगळेच हो म्हणतात. ‘इशारा पातळी ओलांडल्यावर सहा तासांची एक पाळी, शनिवार-रविवार सोडून, रात्रीची चालेल का?’ याला येणारं उत्तर खरं असतं. तुमच्या अकरापैकी कदाचित पाच जण उरतील. पाच खरे पुरतात.

प्रत्येकाला हेही सांगा की त्याचं घर पाण्यात असेल तर तो त्या दिवशी हॅम नाही. आधी आईवडील, लेकरं, जनावरं हलवायची. तुमच्या भागात पाणी येतं तेव्हा ते स्वयंसेवकाच्याही दारात येतं. मनात घर ठेवून सेटवर बसलेला माणूस निरोप चुकवतो. न आल्याबद्दल कुणाला अपराधी वाटू नये अशी हवा गटात ठेवणं तुमच्या हातात आहे, आणि ती हवा असली तर पाणी उतरल्यावर तो माणूस आपण होऊन येतो. म्हणूनच आजूबाजूच्या तालुक्यांतल्या, पाणी न येणाऱ्या वस्तीतल्या हॅमशी आत्ताच जोडून घ्या. इचलकरंजी, मिरज, कोल्हापूर इथले उंचावर राहणारे चार जण तुमच्या पाळ्यांच्या यादीत असले पाहिजेत आणि तुमचे त्यांच्या.

पाण्यात उतरायचं नाही, बोटीत जागा मागायची नाही. ज्याच्याकडे हँडी आहे त्याला बचावपथकाबरोबर जावंसं वाटतं, तरुणांना तर फारच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला उलटलेली होडी आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. पुण्याजवळ सुदुंबऱ्याला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची बटालियन आहे, त्यांच्या जवानांना त्यासाठी शिकवलेलं असतं. आपल्या माणसाची जागा कोरड्या खोलीत, टेबलापाशी आहे. हे तुम्ही एकदा ठाम बोलावं लागेल, त्यावरून एखादा रुसेल, रुसू द्या.

एक अवघड माणूस प्रत्येक गटात असतो. जुना परवाना, मोठा टॉवर, उत्तम सेट, आणि नेटवर बाकीच्यांच्या चुका काढायची सवय. त्याला बाहेर काढू नका आणि नेट कंट्रोलही देऊ नका. नव्यांच्या अँटेना तपासायचं काम मनापासून मागा. कामाला हात लागला की तो शिकवतो, आणि शिकवताना बहुतेक जण मऊ होतात. असे दोन आमच्याकडे आहेत. आज त्यांच्यावाचून आमचं पान हलत नाही.

पेट्रोल आणि खाण्याचा खर्च गटाने उचलायचा, कमावत्यांनी वर्गणी काढून. विद्यार्थ्याने स्वतःच्या खिशातून खर्च करून सेवा करावी असं मला वाटत नाही. तो लाजून बोलत नाही आणि हळूहळू यायचा थांबतो.

सराव कुठे करायचा? दर रविवारी सकाळी वीस मिनिटांचं नेट, त्यात गप्पा नाहीत, प्रत्येकाने एक लेखी निरोप द्यायचा आणि एक घ्यायचा. नेट कंट्रोल दर वेळी वेगळा. शिवाय वर्षातून दोन वेळा खरी गर्दी गाठा. नृसिंहवाडीची दत्तजयंती तुमच्या अंगणात आहे, जोतिबाची चैत्र यात्रा फार लांब नाही. पश्चिम बंगालमधले हॅम गंगासागर मेळ्यात चुकलेल्या माणसांना घरच्यांपर्यंत पोचवायचं काम कित्येक वर्षं करतायत आणि त्यामुळेच तिथल्या प्रशासनाला त्यांची ओळख पटवून द्यावी लागत नाही. यात्रेत हरवलेल्या लेकराचा निरोप म्हणजे वय, कपड्यांचा रंग, गावाचं नाव आणि रडणारी आई. पुरातल्या निरोपाची याहून चांगली तालीम नाही. पोलिसांच्या मदत केंद्रात तुमचा एक ऑपरेटर दिवसभर शांतपणे बसला, की पुढच्या मे महिन्यात तुम्हाला ‘गरज लागली तर कळवू’ ऐकावं लागणार नाही.

तांत्रिक बाजूचं थोडंच सांगतो, तुम्हाला त्यातलं बरंच येतं. महिन्यातून एकदा रिपीटर बंद आहे असं धरून नेट घ्या. डोंगरावरचा रिपीटर वीज पडून किंवा बॅटरी संपून नेमका पावसातच जातो. तुमचा भाग सपाट आहे, पाच वॅटची हँडी घराच्या गच्चीवरून जेवढं जाते तेवढंच. बाहुबलीच्या डोंगरावर किंवा जोतिबावर एक माणूस बसवला की तो मधला दुवा होतो. त्याच्या जेवणाची आणि परतीच्या वाटेची सोय आधी लावा. इंटरनेटवर चालणारी डिजिटल साधनं चांगली आहेत, पण टॉवर गेला की तीही गेली, म्हणून त्यांना योजनेत पहिली जागा देऊ नका.

जिल्ह्याबाहेर बोलायला ४० मीटर तरंगलांबीच्या बँडचा डायपोल, म्हणजे सुमारे २० मीटर वायरची साधी अँटेना, आणि तो मुद्दाम खाली, तीन-चार मीटरवर बांधा. उंच बांधला तर सिग्नल लांब जातो आणि सुमारे दोनशे किलोमीटरचं कोल्हापूर-पुणे हुकतं. खाली बांधला तर तो जवळजवळ सरळ वर जाऊन आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरावरून, आपल्याच मुलखात परत पडतो. रात्री ४० मीटर जवळच्या अंतराला साथ सोडतो, तेव्हा ८० मीटरवर जायची तयारी हवी. आपल्या प्रदेशात आपत्कालीन कामासाठी ठरलेली ७११० किलोहर्ट्झ ही केंद्रवारंवारता प्रत्येकाच्या सेटमध्ये भरलेली असू द्या.

बॅटरीचं गणित मात्र करून बघा, तिथे नवे लोक हमखास फसतात. पंचवीस वॅटवर मोबाइल रिग बोलताना साधारण सहा अँपिअर ओढतो, नुसता ऐकताना अर्धा अँपिअर. सहा तासांच्या पाळीत दहा टक्के वेळ बोललं तरी सहा-सात अँपिअर-तास जातात. बाजारातली ७ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी तेवढ्यात पार उतरते, आणि लेड-अॅसिडची बॅटरी अर्ध्याखाली नेली तर तिचं आयुष्यही कमी होतं. एका पाळीला निदान २० च्या पुढची बॅटरी धरा आणि जिथे पाच-दहा वॅटवर काम होतं तिथे पंचवीस लावू नका.

गट कधी जागा करायचा हे कुणाच्या मर्जीवर ठेवू नका, नदीवर ठेवा. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. सांगलीला आयर्विन पुलाखाली कृष्णेची इशारा ४०, धोका ४५. आम्ही असं ठरवलंय की इशाऱ्याच्या पाच फूट आधी बॅटऱ्या चार्ज आणि पाळ्यांची यादी पक्की, इशाऱ्याला सकाळ-संध्याकाळ नेट, आणि धोक्याला माणूस नियंत्रण कक्षात, फोन चालू असले तरी. फोन बंद पडल्यावर बोलावलेला ऑपरेटर बऱ्याचदा रस्ता बंद झाल्यामुळे पोचतच नाही. दोन दिवस रिकामं बसावं लागलं म्हणून कुणी कुरकुर केली, तर त्या रिकाम्या वेळात गावांच्या क्रमांकांची यादी घोटून घ्या.

आणि थांबणंही ठरवून करा. पाणी उतरलं, फोन आले, की ज्या अधिकाऱ्याने काम सुरू करायला सांगितलं त्याच्याकडूनच काम संपल्याचं लेखी घ्या, नेटवर तशी घोषणा करा, लॉग (संपर्कांची नोंदवही) आणि निरोपांचे सगळे कागद एका पाकिटात घालून एक प्रत तहसील कार्यालयात द्या. नाही तर दोन जण चौथ्या दिवशीही सेटजवळ बसून असतात आणि कुणी त्यांना सांगितलेलं नसतं. मग प्रत्येकाच्या घरी फोन करा, फक्त त्याला नव्हे, घरच्यांना. त्या रात्री घरातली त्याची पाळी कुणी उचलली असेल तर ती त्यांनी.

आठवड्याभरात सगळ्यांना एकत्र बसवा आणि काय चुकलं ते बोला, सुरुवात तुमच्या चुकीपासून. त्या मुलीला मी असंच सगळ्यांसमोर सांगितलं होतं की तुला उठवायला हवं होतं. ती आता आमची समन्वयक आहे, गेली तीन वर्षं. मी पाळ्यांच्या यादीत असतो. गेल्या पावसाळ्यात तिने मला रात्रीचे दोन ते चार दिले होते आणि चार वाजता बरोबर उठवलं.

तुमच्या आठ नव्यांपैकी एकाची किंवा एकीची निवड आत्ताच करा. मे महिन्यातल्या बैठकीला ते एक पान त्यांच्या हातात द्या, आणि अव्वल कारकुनांशी बोलणंही त्यांनाच करू द्या.